मी अहो, समोर राहते

दारावरची बेल वाजली तेव्हा मी आईसाठी उपमा करत होतो, म्हणजे बिघडवत होतो. दार उघडलं तर समोर सहा फुटांहून उंच, पांढऱ्याशुभ्र केसांचा एक गोरा म्हातारा उभा. अंगात कोपरांवर ठिगळं लावलेलं जुनं पण भारी कापडाचं जाकीट, खाली रेघारेघांचा पायजमा आणि पायांत कोल्हापुरी. मी सवयीने 'हाय, हाउ आर यू' सुरू केलं, तर तो गृहस्थ हात जोडून म्हणाला,

"नमस्कार. मी अहो. समोर राहते. तुमच्याकडे हिंग आहे का? माझा संपून गेला बापा."

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मराठी कानावर पडणं यात काही नवल नाही. किराण्याच्या दुकानात भेंडी निवडताना दोन बाजूंनी मराठीच ऐकू येते. पण हे काहीतरी वेगळंच होतं. मी तोंड उघडायच्या आत मागून, हॉलच्या खिडकीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला.

"राहतो. राहते नाही. पुरुषांनी राहतो म्हणायचं."

मी हिंगाचं विसरलो आणि वळून आईकडेच बघत राहिलो. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून इकडे आणली होती आणि तेव्हापासून तिचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'भूक नाही' यापलीकडे गेलं नव्हतं. सकाळी मी आणि माझी बायको मेधा ऑफिसला, मुलगी इरा शाळेत. आई खिडकीत बसून आमची गाडी परत कधी येते ते बघायची. ही माझी आई उभा जन्म एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. लग्नाच्या पत्रिका, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, काहीही. जेवायला बसल्यावरसुद्धा लोणच्याच्या बाटलीवरच्या चुका काढणारी बाई. ती इतक्या महिन्यांनी पहिलं पूर्ण वाक्य बोलली, तेही एका अनोळखी गोऱ्याला दुरुस्त करायला.

गोरा कमरेत वाकून माझ्या काखेखालून आत डोकावला. "बाई, तुमचं बरोबर आहे. पण माझी मराठी कुसुमची आहे. ती राहते म्हणायची."

"मग त्या बाई होत्या. तुम्ही नाही," आई म्हणाली.

"हे मला आजवर कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं," असं म्हणून तो हिंगाची डबी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी डबी परत करायला आला आणि तासभर बसला.

त्यांचं खरं नाव ह्यू. त्यापुढे आणखी चार नावं आणि शेवटी इंग्लंडातल्या एका गावाचं नाव, कारण त्यांचे वडील त्या गावाचे लॉर्ड होते. कुसुमताई त्यांच्या बायको, वर्ध्याच्या, लंडनच्या एका इस्पितळात नर्स. त्या काळच्या रीतीने त्या नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या. यांनी एकदा विचारलं, अहो म्हणजे काय? कुसुमताईंनी थंडपणे सांगितलं, लॉर्ड. झालं. जन्माने मिळालेली पदवी या माणसाने कधी वापरली नाही, पण ही मात्र नाव म्हणून लावली. कुसुमताई गेल्या, तरी ओळख करून देताना 'मी अहो' हेच. कॉलनीतली पोरं त्यांना अहोकाका म्हणायची, म्हणून मग आम्हीही. मेधाला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. "यार, परक्या माणसाला सारखं अहो अहो काय करायचं?" ती म्हणायची. पुढे काका लावल्यावर तिची सुटका झाली.

तर अशी ही मराठी, बाईमाणसाची आणि वर्ध्याकडची. 'मी बाजारात गेले होते', 'तुम्ही काय करून राहिल्या', 'काहून बापा'. आईसारख्या सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला एकाच वाक्यात दोन-दोन धक्के. अहोकाका रोज यायचे आणि येताना एखादी नवी चूक आणायचे. "काल मला एक मांजर भेटला." आई लगेच, "भेटलं." "तो म्हणाला, म्याऊ." "ते म्हणालं." आता कुसुमताईंच्या हाताखाली जन्म काढलेल्या माणसाला मांजर नपुंसकलिंगी असतं हे ठाऊक नसेल, हे मला आजही पटत नाही. मी एकदा तसं विचारलं तर त्यांनी भुवया उंचावल्या आणि हवापाण्यावर बोलायला लागले. या बाबतीत मात्र ते पक्के इंग्रज होते.

एके दिवशी ते म्हणाले, "बाई, चला. तळ्यावर बाक आहेत. तिथे तुमच्यासारख्या खूप बाया बसतात. कुणाला इंग्रजी येत नाही. फार छान आहे." आणि आई चक्क बूट घालून निघाली.

आमच्या कॉलनीच्या मधोमध पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक तळं आहे. त्याच्या काठाला चार बाक. संध्याकाळी तिथे साडीवर स्नीकर्स घातलेल्या आज्या जमायच्या. मराठी, तेलुगू, गुजराती, तमिळ. गाडी कुणालाच चालवता येत नाही, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात, मुलं मीटिंगमध्ये. दिवसातून तासभर त्या बाकांवर बसायला मिळायचं, तेवढ्यावर त्यांचा बाकीचा दिवस चालायचा. आजोबा मंडळी पलीकडच्या बाकावर. अहोकाका तिकडे कधी गेले नाहीत. "तिथे फक्त ब्लड प्रेशर आणि प्लॉटचे भाव," ते म्हणायचे. ते आज्यांच्या मधे बसायचे आणि आपली लफडी सांगायचे.

लफडी म्हणजे खरीखुरी. एका बड्या घरच्या मुलीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आठवडाभर आधी घोड्यावरून पडून पाय मोडला, इस्पितळात नेलं, तिथे कुसुमताई भेटल्या. लग्नाच्या दिवशी सकाळी हे महाशय प्लॅस्टरमधला पाय घेऊन इस्पितळाच्या खिडकीतून बाहेर पडले आणि कुसुमताईंबरोबर पसार झाले. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने नेमके ते खिडकीत अडकलेले असताना टिपले. "पहिल्या पानावर होते मी! अर्धी आत, अर्धी बाहेर!" सगळ्या आज्या डोळ्यांना पदर लावून हसायच्या. गुजराती आजींना, ज्यांना सगळे बा म्हणत, मराठी कळत नसे, त्याही हसायच्या.

आईने एकदाच मधे विचारलं, "त्या मुलीचं काय झालं?"

अहोकाका सावरून बसले. मग म्हणाले, "तिला पुढे चांगला नवरा मिळाला. पण त्या दिवशी ती चर्चच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं पण नाही. मी फार वाईट वागले, बाई."

आईने त्या दिवशी त्यांना 'वागलो' म्हणायला सांगितलं नाही. तिने नुसती आपल्या डबीतली बडीशेप त्यांच्यापुढे धरली.

दुसरी गोष्ट बंडाची. ती ते वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी सांगायचे, त्यामुळे त्यातलं खरं किती ते त्यांनाच माहीत. ही लग्नाच्या आधीची, तरुणपणातली. इंग्रजांच्या ताब्यातल्या कुठल्याशा बेटावर ते गव्हर्नरच्या कचेरीत होते. तिथल्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी उठाव केला आणि लॉर्डसाहेबांचे चिरंजीव सरळ त्यांना जाऊन मिळाले. गव्हर्नर आंघोळीला गेलेला बघून त्याच्याच बंगल्यावर बंडवाल्यांचं निशाण चढवलं. गव्हर्नर टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि सवयीने त्या निशाणाला सलाम करून बसला, असं काका शपथेवर सांगायचे. मग तुरुंग. वडिलांनी वजन वापरून सोडवलं आणि त्याच दिवशी घराबाहेर काढलं; पुढे त्या बड्या घरच्या मुलीशी लग्न ठरलं तेव्हाच परत घेतलं.

"पण तुमचं बंड फसलं ना?" विद्याधरच्या सासूबाईंनी एकदा विचारलं. या सुलभाताई. विद्याधर म्हणजे आमच्या एचओएचा, घरमालकांच्या मंडळाचा, अध्यक्ष. पुण्याचाच.

"फसलं," काका म्हणाले. "काहून फसलं सांगते. बंदुका होत्या, निशाण होतं, गाणी पण होती. पण गावातल्या म्हाताऱ्या आमच्या बाजूला नव्हत्या. आम्ही त्यांना विचारलंच नाही. संध्याकाळ झाली की त्या दारात येऊन हाका मारायच्या आणि आमचे शिपाई जेवायला घरी जायचे."

वडील गेले, मग थोरला भाऊ गेला, आणि एक दिवस इंग्लंडहून वकिलाचा फोन आला की आता तुम्ही लॉर्ड. काकांनी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. कुसुमताई वरण फोडणीला टाकत होत्या. त्यांनी विचारलं, कोण होतं? "कुणी लॉर्ड पाहिजे होता," काका म्हणाले.

हे सगळं मजेत चाललं होतं. आई घरी येऊन मला बाकावरच्या बातम्या सांगायला लागली होती, मेधाच्या भाजीत मीठ कमी म्हणायला लागली होती, थोडक्यात, बरी झाली होती. आणि एका सोमवारी तळ्यावरचे बाक गेले.

गेले म्हणजे मंडळाने उचलून नेले. इमेल आला, त्यात 'ॲस्थेटिक्स' होतं, 'लॉयटरिंग' म्हणजे उगाच रेंगाळणं होतं आणि घरं बघायला येणाऱ्या लोकांवर 'राँग इम्प्रेशन' पडतं असंही होतं. खाली विद्याधरची सही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, पर्सनली घेऊ नकोस. माझी सासूपण तिथेच बसायची. पण कॉलनीच्या मधोमधच असा घोळका? लोक म्हणतील, हे काय, बसस्टँड आहे का? रीसेल व्हॅल्यूचा विचार कर ना, यार." मला इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला, पण हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

आई पुन्हा खिडकीत जाऊन बसली. दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणाली, "माझं तिकीट काढ." पुण्याच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ती एकटी काय करणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी खूप बोललो. ती म्हणाली, "भिंतींकडेच बघायचं, तर माझ्या बघेन." महिन्याभरानंतरचं तिकीट काढलं. मेधा रात्री जेवली नाही.

हे अहोकाकांना कळलं आणि ते जाकिटाची बटणं लावतच आमच्याकडे आले. "बाई, तुम्ही जाऊन राहिल्या?"

"हो."

"मंडळाची निवडणूक कधी आहे?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मेधाने मोबाइलमध्ये बघितलं. आईच्या तिकिटाच्या आधीचा रविवार. "मग बंड करायचं," काका म्हणाले. "या वेळी म्हाताऱ्यांना आधी विचारायचं."

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या आज्या आपापल्या घरून फोल्डिंग खुर्च्या घेऊन आल्या आणि जिथे बाक होते नेमक्या तिथेच बसल्या. नियमाने तिथे फर्निचर ठेवायला बंदी होती, आपली खुर्ची आणून बसायला आणि परत न्यायला नाही. काका मधे उभे राहिले आणि युद्धाचे डावपेच सांगावेत तसं एचओएचं राजकारण सांगितलं. दरवर्षी मंडळ एक इमेल पाठवतं, की मीटिंगला यायला जमत नसेल तर तुमचं मत आम्हालाच देऊन टाका. आणि आम्ही सगळे शहाणे, कामाच्या गडबडीत टिचकी मारून देऊन टाकतो. "राजाचा मुकुट तुमचीच पोरं इमेलने पाठवतात, बापा," काका म्हणाले. सुलभाताईंनी ते तेलुगू बाईंना खुणांनी समजावलं. मुकुटाची खूण सगळ्यांना कळली.

मेधा निवडणुकीला उभी राहायला तयार झाली, तिच्या ऑफिसातल्या आणखी दोघींना तिने पटवलं, आणि आज्या दारोदार निघाल्या. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, ही एकच गोष्ट या सगळ्यांच्या चार भाषांत सारखी होती. कुत्रं पाळणाऱ्या गोऱ्या जोडप्याला मेथीचे लाडू मिळाले. कोपऱ्यावरच्या कोरियन गृहस्थांनी वाटीत लोणचं घेतलं आणि तीच वाटी किमची भरून परत दिली. आईच्या इंग्रजीत एकच वाक्य होतं, इराने पाठ करून दिलेलं: "प्लीज कम संडे, ऑर गिव्ह युवर व्होट टू माय डॉटर-इन-लॉ." समोरच्याने काहीही विचारलं तरी ती तेच परत म्हणायची, फक्त थोडं मोठ्याने. पंधरवड्यात सगळ्या कॉलनीच्या वाट्या एकमेकांच्या घरी अडकल्या. विद्याधरच्या शेजारच्या घरी वाटी घेऊन कोण गेलं असेल? सुलभाताई.

त्या रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एरवी तिथे मंडळ आणि कॉफी एवढंच असतं. विद्याधरने गर्दी बघून टाय सैल केला. बोलायची वेळ आली तेव्हा अहोकाका उठले आणि माझ्या एकदम लक्षात आलं की आपण या माणसाला इंग्रजीत बोलताना कधी ऐकलेलंच नाही. ते असं इंग्रजी बोलले की कुरकुरणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली.

"माझे वडील एका सभागृहात बसायचे," ते म्हणाले, "जिथे बसायला कुणी निवडून द्यावं लागत नसे. ती खुर्ची पुढे माझी होणार होती. फुकट मिळालेल्या खुर्चीवर बसलं, की इतरांना बसायला जागा नाही हे दिसत नाही. मी त्या घरातून आलो आहे, म्हणून मला माहीत आहे. या बायकांनी आयुष्यभर उभं राहून तुम्हाला वाढवलं. आता त्यांना तासभर बसायचं आहे. तेही चौघींत. एवढंच मागणं आहे आणि तेही मागावं लागलं, याची मला लाज वाटते."

आईने माझ्या बाहीला ओढून विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे. शेवटचं वाक्य जरा लांबलं."

मग मतपत्रिका वाटल्या. अहोकाका हातातला कागद धरून तसेच बसून राहिले. मी जवळ गेलो. "काय झालं काका?"

"मी पहिल्यांदा मत देते आहे."

मला वाटलं, या कॉलनीत पहिल्यांदा. पण तसं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा. मत द्यायचं वय झालं तेव्हा ते बेटावर होते, मग तुरुंगात, आणि खिडकीतून पळाल्यावर थेट अमेरिकेत. इथलं नागरिकत्व त्यांनी घेतलं नव्हतं, कारण त्याला शपथ घ्यावी लागते. "एकदा राणीची घेतली आणि मोडली. दुसरी कोणत्या तोंडाने घेऊ?" ते म्हणाले. घर कुसुमताईंच्या नावावर होतं, त्यामुळे त्या असेपर्यंत इथेही मत त्यांचंच; आता ते काकांकडे आलं होतं. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं मत न घेता राज्य केलं, त्यातला शेवटचा माणूस ऐंशी ओलांडून मॉरिसव्हिलच्या क्लबहाऊसमध्ये पहिलं मत द्यायला बसला होता, आणि पेन उघडून तो नावं पुन्हा पुन्हा वाचत होता. आई उठली, त्यांच्याशेजारी बसली आणि कागद हलू नये म्हणून दोन बोटांनी घट्ट दाबून धरला. मुद्रितं तपासताना धरायची तसाच. काकांनी तीन नावांपुढे फुल्या केल्या. मग कागद उचलून उजेडात धरला, बरोबर आहे ना म्हणून आईला दाखवला.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "काही चूक नाही."

निकाल वाचून दाखवला तो इंग्रजीत, पण मेधाचा चेहरा बघून आज्यांना कळला. तिघीही निवडून आल्या होत्या, विद्याधर पडला होता. गुजराती बांनी टाळ्या सुरू केल्या. सुलभाताईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की त्यांच्या जावयाने कानांवर हात ठेवले. कुत्रेवाल्या जोडप्याने अहोकाकांना मिठी मारली. इराच्या शाळेतून आणलेले 'आय व्होटेड' लिहिलेले गोल स्टिकर होते, त्यातला एक तिने काकांच्या जाकिटावर चिकटवला. "अहोकाका, यू लुक सो ऑफिशियल," ती म्हणाली. काका छाती काढून सगळ्यांना तो दाखवत फिरले.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "ते तिकीट कॅन्सल कर." मी गाडी बाजूला घेतली आणि तिथल्या तिथे कॅन्सल केलं. मेधा मागे बसून ढसाढसा रडली.

त्याच आठवड्यात बाक परत आले. विद्याधर माणूस वाईट नव्हता; बाक परत मांडायला तो स्वतः आला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. सुलभाताई 'इकडे, इकडे, सावलीत' करत त्याला सारा काठ हिंडवत होत्या.

आई इथे राहणार हे ठरलं, म्हणून महिन्याभराने पुण्याचा फ्लॅट आवरायला मी एकटाच निघालो. मी तिकडे असतानाच अहोकाका गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, खुर्चीत. मेधाने फोन केला, मग आई फोनवर आली आणि खूप वेळ बोलली. मीही रडलो. पण मला ते दिसतात ते मी निघालो त्या दिवसाचे.

मी एअरपोर्टला निघालो होतो. तळ्यावरून जाताना गाडी हळू केली. सगळे बाक भरलेले, आजोबांपैकी दोघेसुद्धा आज्यांच्या बाकावर येऊन बसलेले. मधे अहोकाका, जाकिटावर तो स्टिकर, कडा सुटून वर आलेल्या. आई एक बोट उभारून त्यांना काहीतरी ठणकावून सांगत होती, ते तितक्याच जोरात मान हलवत नाही म्हणत होते, आणि बाकीच्या बाया दोघांनाही एकदम उत्तरं देत होत्या. मी हॉर्न वाजवला. आई मला सोडायला दारापर्यंत तरी येईल अशी माझी समजूत होती, तर ती इथे. मी पुन्हा वाजवला. अहोकाकांनी वर बघितलं, मला ओळखलं आणि हात उंच करून हलवला. आईने त्यांचा तो हात धरून खाली ओढला आणि आपलं म्हणणं पुढे चालू ठेवलं.